रुपयाएवढी उघडी जागा

हिराजी म्हात्रे गेल्याचे मला कळले तेव्हा मी दसऱ्याची यादी करत होते. भाद्रपद संपत आला की हे काम मी हाती घेते. मी कल्याणच्या सूतिकागृहाची व्यवस्था पाहते; तिथे दसऱ्याला ज्या वस्तूंची पूजा होते त्या सगळ्या आठवडाभर आधी घासून-पुसून, तेल देऊन, जरूर तिथे रंगवून तयार ठेवायच्या असतात : उपकरणे उकळण्याचा बंब, वजनाचे दोन काटे, शिलाईचे यंत्र, विहिरीवरचा पंप आणि शेवटी रोग्यांना ने-आण करणारी आमची मोटार. आठ कलमे लिहून झाली होती. नवव्या कलमात 'गाडी : अर्थिंगची पट्टी' असे लिहून पुढच्या रकान्यात दरवर्षीप्रमाणे 'हिराजी' हे नाव घातले, तेवढ्यात आमचा ड्रायव्हर सावळाराम दारात येऊन उभा राहिला. बॅटरीत घालायचे पाणी आणायला तो कळव्याला हिराजीच्या दुकानी गेला होता. हात रिकामे होते.

"बाई, हिराजी गेला," तो म्हणाला. "बारा दिवस झाले. दुकानाला कुलूप होतं. शेजारच्या पंक्चरवाल्यानं सांगितलं... छातीचं दुखणं होतंच त्याला."

मी सवयीप्रमाणे दोन-तीन प्रश्न विचारले. घरी कोण आहे, दुकान कोण बघणार, शेवटी इस्पितळात होता की घरी. उत्तरे कागदाच्या कडेला टिपली. सावळाराम गेल्यावर लक्षात आले की ज्या कागदावर ती टिपली त्यावरच त्याचे नाव आहे आणि शाई अजून ओली आहे. ते नाव मी खोडले नाही.

कल्याणात हिराजीला सगळे अरे-तुरे करत. मी तोंडावर 'तुम्ही' म्हणे, पण इथे 'तो'च लिहिते. 'ते' लिहिले तर कोणा दुसऱ्याविषयीच लिहिल्यासारखे वाटेल. त्याला ओळखणारे लोक गावात बरेच आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांना त्याच्याविषयी एकच गोष्ट ठाऊक आहे : सूतिकागृहाची गाडी ऐन वेळी बंद पडली ती याच्या हयगयीने. ती गोष्ट अर्धीच खरी आहे. उरलेली अर्धी आजवर मला आणि त्यालाच माहीत होती.

हिराजी कळव्याकडचा. घराणे मिठागरावर काम करणारे. महायुद्धाच्या काळात तो कल्याण कॅम्पातल्या लष्करी वर्कशॉपमध्ये कामाला लागला आणि तिथे मोटारींची विजेची कामे शिकला. युद्ध संपल्यावर लष्कराच्या जादा गाड्या विकायला निघाल्या, त्यांतली एक आमच्या कार्यकारिणीने घेतली. तिच्या मागोमाग हिराजीही आला, कारण त्या जातीच्या गाडीची खोड त्याच्याइतकी कोणाला ठाऊक नव्हती. त्याने कळव्याच्या पुलाअलीकडे पत्र्याची शेड घालून दुकान काढले होते. निरोप गेला की खांद्याला हत्यारांची पिशवी लावून तो कल्याणला येई.

पहिल्यांदा आला तो दिवस मला चांगला आठवतो. गाडी सुरू होत नव्हती. सावळाराम बॉनेट उघडून आत डोके घालून बसला होता. हिराजीने पिशवी खाली ठेवली आणि म्हणाला, "बॉनेट लाव. आंदी दिवा लाव."

"दिवा? भर दुपारी?" सावळाराम हसला. "आरती करायची का?"

"कर. तू सेल्फ खेच, मी बघतो देव काय बोलतो ते."

गाडीचे तोंड गॅरेजच्या अंधाऱ्या भिंतीकडे होते. दिव्याचा उजेड भिंतीवर पडला. सावळारामने सेल्फची मूठ खेचली, म्हणजे इंजिनाला पहिला फेरा देणारी ती लहान विजेची मोटर चालू केली, आणि हिराजी गाडीकडे न पाहता भिंतीकडे पाहत राहिला. मी कारण विचारले. त्याने सांगितले ते मी तिथेच वहीत उतरवून घेतले. दिवा जसाच्या तसा राहिला आणि सेल्फ गप्प, तर वीज सेल्फपर्यंत पोचतच नाही; स्विच बघा, आतले कार्बन बघा. दिवा मंदावला आणि सेल्फ कण्हत फिरला, तर बॅटरी उपाशी आहे. दिवा पार विझला, तर एक तर बॅटरी संपली, नाही तर सेल्फ आत अडकला, नाही तर वाटेत कुठला तरी जोड वाईट आहे. मी हे नीट अक्षरात लिहून पुठ्ठ्यावर डकवले आणि गॅरेजात टांगले. पुढच्या खेपेला त्याने तो पुठ्ठा पाहिला आणि म्हणाला, "बाई, तुमी गाडीचापन केसपेपर काडला."

त्याचा एक नेम होता. सेल्फला हात लावण्याआधी तो जोड घासायचा. बॅटरीची दोन टोके, आणि मग बॅटरीपासून चॅसीपर्यंत, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यापर्यंत जाणारी तांब्याची विणलेली अर्थिंगची पट्टी. वीज तारेतून सेल्फकडे जाते आणि गाडीच्या लोखंडातून, त्या पट्टीवाटे, बॅटरीकडे परत येते, हे मला त्यानेच समजावले. "जायचा रस्ता सगले बघतात," तो म्हणे, "परतीचा कोन बघत नाय." पट्टीचा बोल्ट सोडवून खालचे लोखंड पॉलिशपेपरने चकचकीत घासल्याशिवाय तो पुढे जात नसे. मी एकदा म्हटले, मागच्याच महिन्यात घासले होते की. त्यावर म्हणाला, "मी मिठागरावर मोठा झालेला मानूस. लोखंड कसा मरतो ते मना नका सांगू."

हा नेम त्याने माझ्या माहितीत एकदाच मोडला. तो माझ्यामुळे.

स्वातंत्र्यानंतर तीन वर्षांनी आलेला दसरा. गाडीच्या खालच्या अंगाला गंज चढला होता. मी यादीत कलम घातले : 'चॅसी : सर्व बोल्ट व पट्ट्या सोडवून, गंज काढून, काळ्या रंगाचे दोन हात देऊन परत घट्ट बसवणे.' त्या कलमाचा मला अभिमान होता. अर्धवट काम मला चालत नाही. रंगाऱ्याने कलमात लिहिले होते तसेच केले, एकही बोल्ट वगळला नाही. मी खाली वाकून पाहिले, सगळे आरशासारखे काळे दिसत होते. लाल पेन्सिलीने कलमापुढे खूण केली. गाडीला झेंडूची माळ चढली, हळदकुंकू झाले, पेढे वाटले.

आठ-दहा दिवसांनी सावळाराम म्हणाला, "बाई, सेल्फ जड पडतोय." हिराजीला बोलावले. दिवा लावून पाहिला तो पार विझला. बॅटरी काढून भरून आणली, तरी तेच. मग हिराजी पाना घेऊन खाली बसला आणि म्हणाला, "पट्टी बघतो."

मी म्हटले, "ती बघण्यात वेळ घालवू नका. तिथलं सगळं दसऱ्याला सोडवून, साफ करून परत बसवलंय." आणि आत जाऊन यादी आणली, कलम वाचून दाखवले, लाल खूण दाखवली.

त्याने यादी पाहिली. मग माझ्याकडे पाहिले. "तुमची खून हाय मंग झाला," तो म्हणाला आणि पाना सेल्फच्या बोल्टाला लावला.

सेल्फ जुना होताच. त्याने उघडून मला आतले पितळी बुश दाखवले, एका अंगाने झिजून अंडाकृती झाले होते. त्यामुळे फिरणारा गाभा कडेला घासतो आणि अडकतो, असे त्याने सांगितले. दिवा विझण्याचे कारण सापडले असे सगळ्यांनाच वाटले. मुंबईहून दुसरा सेल्फ आणून त्याने बसवला आणि तीनदा मूठ खेचून दाखवली. तिन्ही वेळा गाडी सुरू झाली. मी यादीत नवे कलम घालून त्यापुढे खूण केली.

चौथ्या दिवशी दुपारी निळज्याहून निरोप आला. पहिलटकरीण, पहाटेपासून अडलेली. सावळाराम आणि आमची नर्स गाडी घेऊन गेले. बाईला आत निजवले, सावळारामने मूठ खेचली आणि सेल्फ नुसता टक् वाजला. पुन्हा टक्. जमीन पावसाने अजून ओली होती, ढकलायला गेले तर चाके रुतली. तेव्हा सावळारामने हँडल काढून इंजिन हाताने फिरवायला घेतले. दुसऱ्या फेऱ्याला इंजिनाने उलटा झटका दिला आणि त्याचे मनगट मोडले. घरच्यांनी बैलगाडी जुंपली. कल्याणला पोचायच्या आत, मानपाड्याजवळ, त्या बैलगाडीतच बाळंतपण झाले. नर्स सोबत होती म्हणून दोघे जगली. ती बाई आमच्या दारात आणली तेव्हा तिचा चेहरा मी पाहिला आहे... त्याविषयी अधिक लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिराजी आला. आम्ही दोघे टांग्याने निळज्याला गेलो. गाडी शेताच्या कडेला तशीच उभी होती, आतल्या खाटेवर चुरगळलेली चादर. त्याने मला ड्रायव्हरच्या जागी बसायला सांगितले. "मी सांगतो तवा मूठ खेचा. चार-पाचदा." मी खेचली. टक्, टक्. मग त्याने मला खाली बोलावले आणि म्हणाला, "हितं हात लावा."

मी पट्टीच्या बोल्टला बोट लावले आणि लगेच मागे घेतले. बोल्ट तापला होता.

"रस्ता अडला का वीज तितंच तापते," तो म्हणाला. त्याने बोल्ट सोडवला. पट्टीच्या खाली, चॅसीवर, काळ्या रंगाचे दोन हात होते, गुळगुळीत आणि अखंड. पट्टीच्या टोकालाही आतून रंग होता. जिथे लोखंडाला तांबे भिडायचे तिथे मी रंगाचे पांघरूण घातले होते. बोल्टाच्या आट्यांमधून जेवढी वाट मिळाली तेवढ्यावर गाडी इतके दिवस कशीबशी चालली. हिराजीने चाकूने खरवडून रुपयाएवढी जागा उघडी केली, घासली, पट्टी बसवली. मला वर बसायला खूण केली. पहिल्या खेचीला गाडी सुरू झाली.

इंजिनाच्या आवाजात मी म्हटले, "हे मी सांगितलं होतं. कलम माझं आहे."

"सांगला तुमी," तो म्हणाला. "बघायचा व्हता मी."

त्याच दिवशी कार्यकारिणी बसली. आमचे अध्यक्ष भाऊसाहेब, निवृत्त वकील, न्यायाचे कडक. सावळाराम हात गळ्यात बांधून उभा होता. भाऊसाहेबांनी विचारले, "तू दिवे चालू ठेवून गाडी सोडली होतीस का?"

"नाही साहेब."

"मग नवा सेल्फ, भरलेली बॅटरी, आणि गाडी आपोआप बंद पडली? एका बाईच्या जिवाशी गाठ होती. असा ड्रायव्हर आम्ही ठेवू शकत नाही."

हिराजी दाराशी उभा होता. तो पुढे झाला. "भाऊसाहेब, त्याला नका बोलू. सेल्फ मी बसवला. अर्थिंगचा जोड मी बघला नाय. म्हनून बंद परली. चूक माजी हाय."

"कबूल आहे?"

"कबूल हाय."

"बाई, लिहून घ्या," भाऊसाहेब म्हणाले.

बैठकीचे इतिवृत्त मीच लिहिते. भाऊसाहेबांनी सांगितले ते मी लिहिले : हिराजी म्हात्रे यांच्या हयगयीमुळे असा प्रसंग ओढवला, सबब यापुढे संस्थेचे काम त्यांना देऊ नये. 'हयगय' या शब्दापाशी माझे पेन थांबले होते. लाल खुणेची यादी त्याच टेबलाच्या खणात होती. खण उघडायला एक हात पुरला असता... मी उघडला नाही. त्या वर्षी माझ्या जागी पुरुष व्यवस्थापक नेमावा अशी सूचना कार्यकारिणीपुढे होती. मी विधवा, राहती खोली संस्थेची. नोकरी गेली की खोलीही जाणार होती. हे कारण म्हणून सांगते आहे, सबब म्हणून नाही. त्याला जे पत्र गेले तेही माझ्या अक्षरातले होते, खाली भाऊसाहेबांची सही. महिन्याभरात कल्याणच्या लॉरीवाल्यांनीही त्याला बोलावणे सोडले.

बैठकीनंतर फाटकाशी मी त्याला गाठले. "हिराजी, तुम्ही असं का सांगितलंत?"

"काय खोटा सांगला? तुमची खून बघली, जोड नाय बघला." मग सावळारामकडे मान करून म्हणाला, "मोडक्या हातानी तो कुठं गेला असता?" माझ्याविषयी तो काही बोलला नाही. मीही विचारले नाही. त्याने मला वाचवले, की पाना ज्याच्या हातात त्यानेच बघायचे असते हे तो खरोखर मानत होता, याचा उलगडा मला अजून झालेला नाही. दोन्ही असेल.

पुढच्या दसऱ्याला तो मागच्या फाटकाने आला. मला वाटले होते आता हा माणूस दिसायचा नाही. "रंग कितीपन मारा," तो म्हणाला, "येवरी जागा सोडा." खिशातून रुपया काढून त्याने चॅसीवर धरला आणि भोवती खडू फिरवला. त्याच्याजवळ विडीचा एक पत्र्याचा डबा होता, त्यात पॉलिशपेपरची घडी. जागा घासून झाल्यावर म्हणाला, "तुमच्याकरचा व्हॅसलीन द्या थोरा." प्रसूतिकक्षातून मी आणून दिले. बोल्ट आवळून त्यावर त्याने बोटाने ते फासले, म्हणजे दमट हवा आत शिरत नाही. तेव्हापासून दरवर्षी हेच. पूजेच्या दोन दिवस आधी यायचा, चहा घ्यायचा, मला विचारायचा, "या वक्ताला खून कोनी केली? का बघून केली?" मी म्हणे, बघून केली. आणि ते खरे असे. त्या प्रसंगानंतर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय, हाताने चाचपल्याशिवाय मी एकाही कलमापुढे खूण केलेली नाही.

गेल्या दसऱ्याला तो खूप खोकत होता. उलट्या बादलीवर बसून त्याने डबा माझ्यापुढे धरला. "आज तुमी घासा."

"सावळाराम घासेल की."

"त्याला येतो. तुमाला येत नाय."

"माझे हात किती कामांत आहेत बघताय ना. पुढच्या वर्षी घासीन."

"बरा," म्हणाला आणि स्वतः घासायला बसला. एरवी पाच मिनिटांचे काम, त्या दिवशी त्याला अर्धा तास लागला. मी मधून दोनदा डोकावून गेले.

तो गेल्याचे कळल्यावर चार दिवसांनी मी कळव्याला जाऊन आले. त्याच्या बायकोने मला ओळखले नाही, पण कल्याणहून आले म्हटल्यावर ती उठली आणि फळीवरून तो डबा घेऊन आली. "हा कल्यानच्या गाडीचा. दुसऱ्या कामाला वापरायचा नाय असा बोलायचे. तुमीच नेवा."

या दसऱ्याला सकाळी कार्यकारिणीची मंडळी पूजेसाठी जमली. मी पदर खोचून गाडीपाशी उकिडवी बसले, बोल्ट सोडवला आणि घासायला घेतले. भाऊसाहेब काठी टेकत जवळ आले. आता त्यांना कमी दिसते. "बाई, हे काय? सावळाराम कुठे आहे?"

"सावळाराम आहे इथेच. हे काम माझं आहे." मी उठले आणि काळ्या हातांनी उभी राहून त्यांना सगळे क्रमाने सांगितले. कलम, लाल खूण, रंग, तापलेला बोल्ट, आणि उघडला नाही तो खण. यादी बरोबर आणली होती, ती दाखवली. सावळाराम शेजारी उभा राहून ऐकत होता. त्यालाही हे आजच कळत होते.

"त्यानं स्वतः कबूल केलं होतं," भाऊसाहेब म्हणाले.

"त्यानं त्याचा वाटा कबूल केला. माझा मी केला नाही."

त्यांनी यादी डोळ्यांजवळ धरून लाल खूण पाहिली. मग म्हणाले, "त्या पत्रावर माझी सही आहे, बाई..." आणि थोड्या वेळाने, "इतिवृत्तात दुरुस्ती घाला. आणि ते पत्र ज्यांच्या कानावर गेलं त्यांच्या कानावर हेही गेलं पाहिजे. कसं ते तुम्ही बघा."

दुरुस्ती घातली आहे. तिची नक्कल कळव्याला पाठवली आहे. गावाच्या कानावर जावे म्हणून हा लेख. माझ्याबाबत काय करायचे ते कार्यकारिणी दिवाळीनंतरच्या बैठकीत ठरवील. त्या बैठकीच्या विषयपत्रिकेत तो विषय मीच तिसऱ्या क्रमांकावर घातला आहे.

त्या सकाळी मी पुन्हा खाली बसले तेव्हा सावळाराम प्रसूतिकक्षात जाऊन व्हॅसलीन घेऊन आला आणि झाकण उघडून माझ्यापुढे धरून उभा राहिला. रुपयाएवढी जागा चकचकीत झाली होती. पट्टी बसवली, बोल्ट आवळला, बोटाने व्हॅसलीन फासले. मग त्याला वर बसवून चार-पाचदा मूठ खेचायला सांगितली. दर खेपेला गाडी सुरू झाली. यादीतल्या नवव्या कलमापुढे 'हिराजी' हे नाव तसेच होते. खूण करायला पेन्सिल उचलली आणि खाली ठेवली. वाकून बोल्टला हात लावून पाहिला.

गार होता.